पाद्रीपद सोडलं, पण येशूला सोडलं नाही : मुस्लिम आणि हिंदू मित्रांमध्ये रमलेल्या दीनबंधू अँड्र्यूज यांची गोष्ट

रिचर्ड अॅटनबरो यांचा १९८२ चा ‘गांधी’ सिनेमा तुम्ही पाहिला असेल, तर त्यातला एक उंच, गोरा, हसरा पाद्री आठवत असेल. तोच, जो चालत्या रेल्वेच्या टपावर गावकऱ्यांच्या शेजारी जाऊन बसतो. इयान चार्लसन या अभिनेत्याने ती भूमिका केली होती. सिनेमा अर्ध्यावर येतो आणि हा चार्ली गांधींचा निरोप घेऊन निघून जातो. त्याचं पुढे काय झालं, हे सिनेमा सांगत नाही.

त्याच्या आधी काय झालं होतं, हेही सिनेमात फारसं नाही. आणि खरी गोष्ट तिथेच आहे.

हा माणूस भारतात आला होता मिशनरी म्हणून. इथल्या तरुणांना येशू ख्रिस्ताची ओळख करून द्यायची, हे त्याचं काम. पण पुढच्या दहा वर्षांत त्याला भेटले दिल्लीतले एक वृद्ध मुस्लिम विद्वान, ख्रिस्ती धर्मावर कडाडून टीका करणाऱ्या आर्य समाजाचे एक पुढारी, एक बंगाली कवी आणि दक्षिण आफ्रिकेत लढणारा एक गुजराती वकील. या चौघांपैकी कोणीही ख्रिस्ती झालं नाही. अँड्र्यूजही हिंदू किंवा मुस्लिम झाले नाहीत. पण या मैत्रीनंतर ते पूर्वीसारखे ख्रिस्तीही राहिले नाहीत. त्यांचा येशू त्यांच्या जास्त जवळ आला आणि त्यापायी त्यांना आपला पाद्र्याचा झगा उतरवावा लागला.

वडिलांच्या चर्चमधून बाहेर

चार्ल्स फ्रीअर अँड्र्यूज यांचा जन्म १२ फेब्रुवारी १८७१ चा, इंग्लंडमधल्या न्यूकॅसलचा. नंतर कुटुंब बर्मिंगहॅमला गेलं. वडील ‘कॅथलिक अपोस्टोलिक चर्च’ नावाच्या एका छोट्या पंथाचे धर्मगुरू होते. नावात कॅथलिक असलं तरी रोमच्या पोपशी या पंथाचा संबंध नव्हता. येशू लवकरच पुन्हा पृथ्वीवर येणार आहे आणि त्यासाठी तयार राहायला हवं, ही या लोकांची पक्की समजूत. त्यामुळे घरात प्रार्थना, उपासना आणि शिस्त यांची काही कमतरता नव्हती.

या घरातला एक प्रसंग चार्लीच्या मनावर कायमचा कोरला गेला. आईच्या नावावर असलेला पैसा ज्या विश्वासू मित्राच्या हवाली केला होता, त्याने तो सट्ट्यात घालवला. घर एका झटक्यात गरिबीत आलं. वडिलांनी त्या मित्राला कोर्टात खेचलं नाही. त्या संध्याकाळच्या घरगुती प्रार्थनेत त्यांनी त्याच्यासाठीच प्रार्थना केली. शत्रूला क्षमा करा, हे बायबलमधलं वाक्य या मुलाने पुस्तकात वाचण्याआधी घरात पाहिलं, असं म्हणायला हरकत नाही.

१८९० मध्ये चार्ली केंब्रिजच्या पेंब्रोक कॉलेजात दाखल झाला. तिथे त्याला वडिलांच्या पंथाच्या समजुती पटेनाशा झाल्या आणि त्याने इंग्लंडच्या मुख्य चर्चमध्ये, म्हणजे अँग्लिकन चर्चमध्ये प्रवेश घेतला. वडिलांना याचं खूप दुःख झालं. बाहेरून पाहणाऱ्याला हे एका चर्चमधून दुसऱ्या चर्चमध्ये जाणं वाटेल, पण त्या घरासाठी तो मोठा धक्का होता. पटत नसेल तर नुसतं तोंडाने म्हणायचं नाही, ही अँड्र्यूज यांची सवय इथे पहिल्यांदा दिसते. पुढे तीच त्यांना महागात पडणार होती.

१८९७ मध्ये ते पाद्री झाले. दक्षिण लंडनमधल्या वॉलवर्थ या गरीब वस्तीत त्यांनी काम केलं, तब्येत बिघडली म्हणून केंब्रिजला परतले, शिकवू लागले. सगळं सुरळीत चाललं असतं. पण त्यांचा जिवलग मित्र बेसिल वेस्टकॉट दिल्लीत मिशनचं काम करत होता आणि १९०० मध्ये तो कॉलऱ्याने गेला. त्याची रिकामी जागा आपण भरायची, हे अँड्र्यूज यांच्या मनाने घेतलं.

बेसिलचे वडील बिशप वेस्टकॉट हे नव्या कराराचे गाढे अभ्यासक. त्यांची एक धारणा अशी होती, की योहानाच्या शुभवर्तमानाचा खरा अर्थ उलगडून दाखवतील ती भारतातली माणसं. म्हणजे युरोपने भारताला ख्रिस्त शिकवायचा, या सरधोपट कल्पनेला उलटा छेद. अँड्र्यूज हे ऐकूनच भारतात आले होते. मात्र त्याचा अर्थ समजायला त्यांना बरीच वर्षं लागली.

दिल्लीतली संध्याकाळ

मार्च १९०४ मध्ये अँड्र्यूज दिल्लीत उतरले. पुढे आयुष्यभर ते या दिवसाला आपला दुसरा वाढदिवस मानत.

सेंट स्टीफन्स कॉलेजात त्यांची गाठ पडली सुशील कुमार रुद्र यांच्याशी. रुद्र बंगाली ख्रिस्ती होते, कॉलेजचे उपप्राचार्य होते आणि गोऱ्या मिशनऱ्यांच्या जगात भारतीय ख्रिस्ती माणसाची जागा कोणती असते, हे रोज अनुभवत होते. १९०६ मध्ये प्राचार्यपद रिकामं झालं. इंग्रज प्राचार्य असल्याशिवाय कॉलेज चालणार नाही, असं चर्चमधल्या वरिष्ठांना वाटत होतं आणि अँड्र्यूज हे समोरचं सोयीचं नाव होतं. अँड्र्यूज यांनी खुर्ची नाकारली आणि आपलं सगळं वजन रुद्रांच्या पारड्यात टाकलं. रुद्र कॉलेजचे पहिले भारतीय प्राचार्य झाले. १९०६ सालात ही साधी गोष्ट नव्हती.

याच दिल्लीत मुन्शी झकाउल्ला राहत होते. जन्म १८३२ चा. १८५७ च्या आधीची दिल्ली त्यांनी पाहिली होती आणि नंतरची उद्ध्वस्त दिल्लीही. गणिताची ढीगभर पुस्तकं त्यांनी उर्दूत आणली, भारताचा अनेक खंडांचा इतिहास उर्दूत लिहिला. गणितात त्यांना घडवलं ते मास्टर रामचंद्र यांनी. हे रामचंद्र मूळचे हिंदू आणि १८५२ मध्ये ख्रिस्ती झालेले. थोडक्यात, एका हिंदू घरातून आलेल्या ख्रिस्ती शिक्षकाचा हा लाडका मुस्लिम विद्यार्थी. गुरूवर त्यांचं प्रेम शेवटपर्यंत राहिलं आणि इस्लामवरची श्रद्धाही तसूभर हलली नाही.

अँड्र्यूज त्यांच्या घरी जाऊन बसायचे. एक तिशीतला इंग्रज पाद्री आणि एक सत्तरी ओलांडलेले मुन्शीजी. धर्माच्या वादविवादात, म्हणजे तुझा खरा की माझा खरा या कुस्तीत, मुन्शीजींना रस नव्हता. त्या काळात मिशनरी आणि मौलवी भर चौकात असे जाहीर वाद घालत, गर्दी जमत, कोण जिंकलं यावर चर्चा होई. आजच्या कमेंट सेक्शनचा तो जुना अवतार म्हणा. अँड्र्यूज यांनी मुन्शीजींच्या घरी दुसरंच काही पाहिलं. एकाच ईश्वरावर सगळा भार टाकून शांत झालेला माणूस, शेजारच्या हिंदूंशी पिढ्यान्‌पिढ्यांचा घरोबा आणि म्हातारपणातलं एक निर्मळ हसू.

मुन्शीजी १९१० मध्ये गेले. अँड्र्यूज यांनी पुढे त्यांचं चरित्र लिहिलं, ते १९२९ मध्ये प्रसिद्ध झालं. एका मिशनऱ्याने एका मुस्लिम विद्वानाचं प्रेमाने लिहिलेलं चरित्र, आणि त्यात मुन्शीजींना ख्रिस्ती करता आलं नाही याची खंत नाही. दिल्लीच्या जुन्या संस्कृतीवर लिहिणारे आजही ते पुस्तक उघडतात.

दुसरे मित्र होते महात्मा मुन्शीराम, म्हणजेच पुढचे स्वामी श्रद्धानंद. हरिद्वारजवळ कांगडीला गंगेकाठी त्यांचं गुरुकुल होतं. आर्य समाज आणि मिशनरी यांचं तेव्हा अजिबात पटत नव्हतं. स्वामी दयानंदांच्या ‘सत्यार्थ प्रकाश’मध्ये बायबलची चिरफाड करणारं एक अख्खं प्रकरण आहे. अशा संस्थेच्या प्रमुखाकडे जाऊन अँड्र्यूज राहिले. पहाटे उठणारी मुलं, वेदमंत्र, साधं जेवण आणि पैशाचा मोह नसलेला प्रमुख. मुन्शीरामांना ते मोठा भाऊ मानू लागले. मिशनच्या वर्तुळात यावरून भुवया उंचावल्या नसत्या तरच नवल.

आणि मग रवींद्रनाथ टागोर. १९१२ च्या उन्हाळ्यात लंडनमध्ये चित्रकार रोथेनस्टाईन यांच्या घरी कवी येट्स यांनी ‘गीतांजली’च्या इंग्रजी कविता वाचून दाखवल्या. अँड्र्यूज तिथे होते. वाचन संपलं तेव्हा त्यांना कुणाशी बोलवेना. हॅम्पस्टेडच्या माळावर ते रात्री उशिरापर्यंत एकटेच भटकत राहिले. देव शेतकऱ्याच्या, मजुराच्या, धुळीने भरलेल्या माणसाच्या सोबत असतो, असं सांगणारा हा कवी ख्रिस्ती नव्हता. पण हेच तर शुभवर्तमानात लिहिलं होतं. नाझरेथच्या सुताराची गोष्ट पुलपिटवरून इतकी वर्षं सांगूनही ती अशी अंगावर आली नव्हती.

डर्बनच्या धक्क्यावर

इथे आपल्या पुण्याचे गोपाळ कृष्ण गोखले गोष्टीत येतात. १९१३ च्या अखेरीस दक्षिण आफ्रिकेतल्या भारतीयांच्या सत्याग्रहासाठी गोखले देशभर निधी गोळा करत होते. अँड्र्यूज यांनी जवळची सगळी शिल्लक त्यांना देऊन टाकली. गोखल्यांनी पैसे घेतले आणि वर माणूसही मागून घेतला. तुम्हीच जा, असं त्यांनी सुचवलं. अँड्र्यूज आणि त्यांचे मित्र विली पिअरसन बोटीने निघाले.

जानेवारी १९१४ च्या सुरुवातीला डर्बन बंदरात उतरल्यावर त्यांनी गांधी कुठे आहेत, असं विचारलं. गोळीबारात मेलेल्या मजुरांच्या शोकात मुंडण केलेला, जाडाभरडा पांढरा मजुराचा वेश घातलेला एक कृश माणूस समोरच उभा होता. अँड्र्यूज यांनी वाकून त्यांच्या पायांना हात लावला.

आपल्याकडे यात काय विशेष, असं वाटेल. पण गोऱ्या माणसाने, त्यातही पाद्र्याने, भर बंदरावर काळ्या माणसाचे पाय शिवणं ही डर्बनच्या गोऱ्यांसाठी महाभयंकर गोष्ट होती. वर्तमानपत्रांत गहजब झाला. अँड्र्यूज यांना त्याचं आश्चर्य वाटलं. कारण येशूने शिष्यांचे पाय धुतल्याची गोष्ट हे टीका करणारे लोकही दरवर्षी चर्चमध्ये ऐकत होते.

पुढचे काही आठवडे जनरल स्मट्स आणि गांधी यांच्यातल्या वाटाघाटींत अँड्र्यूज यांनी मध्यस्थी केली. त्याच काळात इंग्लंडमध्ये आई अत्यवस्थ असल्याचं कळलं. काम अर्धवट टाकून त्यांना निघता येईना. आणि मग आई गेल्याची तार आली. परक्या देशात त्यांचं सांत्वन केलं ते भारतीय कुटुंबांनी. त्यानंतर ते भारताकडे आई म्हणून पाहू लागले.

नातालमधलाच आणखी एक प्रसंग. मालकाच्या माराला कंटाळून पळालेला एक गिरमिटिया मजूर गांधींकडे आसऱ्याला आला होता. त्याच्या पाठीवर वळ होते. अँड्र्यूज जवळ गेले तेव्हा तो अंग चोरून मागे सरकला, कारण समोर गोरा माणूस होता. पुढच्या वर्षी, मोठ्या आजारातून उठल्यावर, सिमल्यात पडून असताना त्यांना हाच चेहरा पुन्हा डोळ्यांसमोर दिसला. बघता बघता तो येशूचा चेहरा झाला. हा अनुभव त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे. त्यानंतर काही महिन्यांत ते फिजीच्या बोटीत होते.

तो रविवार

पण त्याआधी १९१४ च्या जूनमध्ये एक गोष्ट घडली होती आणि तिच्याशिवाय अँड्र्यूज कळत नाहीत.

अँग्लिकन चर्चच्या प्रार्थनापुस्तकात ‘अथेनेशियन क्रीड’ नावाचा एक जुना मतांगीकार आहे. ठरावीक सणांच्या दिवशी तो सर्वांनी म्हणायचा, असा नियम होता. त्यात त्रैक्याची, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांची तपशीलवार मांडणी आहे आणि जो ही श्रद्धा संपूर्णपणे पाळणार नाही त्याचा कायमचा नाश होईल, अशा आशयाची ताकीदही आहे. बहुतेक लोक असल्या गोष्टी म्हणताना फार विचार करत नाहीत. ओळी पाठ असतात, तोंड चालू असतं.

त्या जूनच्या त्रैक्य रविवारी बंगालमधल्या बर्दवानच्या चर्चमध्ये उपासना चालवण्याची जबाबदारी अँड्र्यूज यांच्यावर होती. ते शब्द त्यांना उच्चारवेनात. झकाउल्लांच्या घरात बसलेला माणूस, मुन्शीरामांना मोठा भाऊ म्हणणारा माणूस, गांधींच्या पायांशी वाकलेला माणूस ही ओळ कोणाला उद्देशून म्हणणार होता? ज्यांच्या जगण्यातून त्यांना आपल्या येशूची ओळख नव्याने पटली, तेच नरकात जाणार, असं देवाच्या वेदीसमोर उभं राहून म्हणायचं?

त्यांनी कोलकात्याचे बिशप लेफ्रॉय यांना कळवलं आणि पाद्री म्हणून काम करणं थांबवलं. दिल्लीचं मिशनही सोडलं. ते शांतिनिकेतनात टागोरांकडे राहायला गेले.

हा त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात एकटा काळ म्हणायला हवा. अँड्र्यूज यांनी धर्म सोडला, ते हिंदू झाले, अशा वावड्या उठल्या. ज्यांनी विश्वासाने भारतात पाठवलं होतं, त्यांना हा दगा वाटला. त्यांच्या बाजूने पाहिलं तर हा राग समजण्यासारखा आहे. मिशनरी पाठवायचा, आणि त्याने येऊन सांगायचं की मला इथल्या लोकांमुळे नव्याने प्रार्थना करता येऊ लागली! पण अँड्र्यूज चर्चचे सदस्य राहिले. रोज पहाटे शांत बसणं, बायबल वाचणं, प्रार्थना हे सगळं चालूच राहिलं. शांतिनिकेतनात १९१० पासून टागोर नाताळ साजरा करत होते. ब्राह्मो वळणाच्या त्या प्रार्थनामंदिरात येशूचा जन्मदिवस साजरा होताना पाहणं, हे कुठल्याही पाद्र्याला विचारात टाकणारं दृश्य होतं.

फिजी आणि ‘दीनबंधू’

फिजीबद्दल थोडक्यात सांगायचं तर, अॅग्रीमेंटचं झालं गिरमिट आणि त्यावर अंगठा देणारा गिरमिटिया. पाच वर्षांच्या कराराने उसाच्या मळ्यांत नेलेले सुमारे ६० हजार भारतीय १८७९ ते १९१६ या काळात फिजीत पोचले. शंभर पुरुषांमागे चाळीस बायका न्यायच्या, असा सरकारी नियम होता. त्या वस्त्यांमध्ये काय घडत असेल, याची कल्पना यावरून येईल. अँड्र्यूज आणि पिअरसन यांनी १९१५ मध्ये तिथे जाऊन लाइनीलाइनींत फिरून अहवाल तयार केला. १९१७ मध्ये अँड्र्यूज पुन्हा गेले. ही पद्धत बंद करण्याचा जो रेटा भारतात उभा राहिला, त्यामागे हे अहवाल होते. १ जानेवारी १९२० ला फिजीतले उरलेले गिरमिट रद्द झाले.

दीनबंधू हे नाव त्यांना या कामातून मिळालं. (महाराष्ट्रात दीनबंधू म्हटलं की कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये सुरू केलेलं सत्यशोधकांचं वर्तमानपत्र आठवतं. त्याचा याच्याशी संबंध नाही, पण नावाची जात एकच.)

गोऱ्यांनीही त्यांना उपाध्या दिल्या, वेगळ्या. १९२१ मध्ये केनियात गोऱ्या वसाहतवाल्यांनी रेल्वेच्या डब्यात शिरून त्यांना मारहाण केली, दाढी धरून ओढलं. भारतात परतल्यावर इंग्रज अधिकाऱ्यांना ते फितूर वाटत आणि काही राष्ट्रवाद्यांना इंग्रजांचे हेर. अंगावर खादीचं धोतर-कुर्ता, तोही बहुतेकदा कोणीतरी दिलेला. नवा कपडा दिला की तो वाटेत दुसऱ्या कोणाला तरी देऊन टाकत. सामान विसरणं तर नेहमीचंच.

गांधींशी भांडणारा मित्र

गांधींना ‘मोहन’ म्हणणारी माणसं फार थोडी होती. अँड्र्यूज त्यातले एक. गांधी त्यांना ‘चार्ली’ म्हणत. रुद्र, टागोर आणि श्रद्धानंद या तिघांना भेटाच, असा आग्रह अँड्र्यूज यांनी दक्षिण आफ्रिकेतच गांधींकडे धरला होता. गांधींनी आत्मकथेत या तिघांना अँड्र्यूज यांचं त्रिकूट म्हटलं आहे. पुढे गांधी दिल्लीत रुद्रांच्या घरी उतरू लागले. एका ख्रिस्ती कॉलेजच्या प्राचार्यांच्या घरी इंग्रज सरकारशी असहकार करण्याच्या गोष्टी शिजत होत्या!

पण चार्ली हा मान डोलवणारा भक्त नव्हता. १९१८ मध्ये गांधी पहिल्या महायुद्धासाठी सैन्यभरती करत गुजरातेत फिरू लागले, तेव्हा हे अहिंसेत बसत नाही, असं त्यांना लिहून कळवणारा हा ख्रिस्ती मित्र होता. १९२१ मध्ये परदेशी कपड्यांच्या होळ्या पेटल्या, तेव्हाही अँड्र्यूज यांनी कळवळून विरोध केला. कुणीतरी कष्टाने विणलेलं कापड जाळण्यात त्यांना हिंसाच दिसत होती. इतर धर्मांकडून शिकायला निघालेल्या माणसाला स्वतःचं मत उरत नाही, अशी भीती अनेकांना वाटते. अँड्र्यूज यांच्या बाबतीत उलट झालेलं दिसतं. गांधींशी वाद घालताना ते येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनाचाच आधार घेत आणि तेच प्रवचन गांधींनाही प्रिय होतं. त्यामुळे वाद खऱ्या अर्थाने जुंपायचा.

सगळ्यात अवघड मतभेद धर्मांतराचा होता. अँड्र्यूज स्वतः कोणाच्या मागे लागून धर्म बदलायला सांगत नव्हते. पण १९३६ मध्ये त्यांनी गांधींना अडचणीचा प्रश्न विचारला. एखाद्याने खूप विचार करून, प्रार्थना करून सांगितलं की ख्रिस्ती झाल्याशिवाय मला शांती मिळणार नाही, तर त्याला काय सांगायचं? त्याने आपल्याच धर्मात राहून चांगला माणूस व्हावं, असं गांधींचं मत. अँड्र्यूज यांना ते मान्य झालं नाही. अशा माणसाला दार बंद करता येणार नाही, असं त्यांना वाटत होतं. दोघेही आपापल्या जागी राहिले आणि मैत्रीही राहिली. सगळे धर्म सारखेच, म्हणून कोणता का असेना, असं अँड्र्यूज यांना कधीच म्हणायचं नव्हतं. त्यांच्यासाठी ख्रिस्त केंद्रस्थानी होता.

या सगळ्या प्रवासाचं एकच चित्र डोळ्यांसमोर आणायचं, तर ते ८ ऑक्टोबर १९२४ चं. हिंदू-मुस्लिम दंगलींनी व्यथित झालेल्या गांधींनी दिल्लीत २१ दिवसांचा उपवास केला. त्या दिवसांत अँड्र्यूज त्यांच्या शुश्रूषेला होते. उपवास सुटायची वेळ आली. इमामसाहेबांनी कुराणाच्या सुरुवातीच्या आयती म्हटल्या. वर्ध्याच्या आश्रमातून आलेल्या विनोबांनी उपनिषदांचं पठण केलं. विनोबांचे धाकटे भाऊ बाळकोबा यांनी ‘वैष्णव जन’ गायलं. आणि अँड्र्यूज यांनी येशूच्या क्रूसावरचं एक जुनं इंग्रजी स्तोत्र गायलं, आयझॅक वॉट्स यांनी रचलेलं.

विचार करा, त्यांनी हे स्तोत्र लहानपणापासून किती चर्चमध्ये म्हटलं असेल. आता समोर एक हिंदू माणूस होता, जो दुसऱ्यांच्या वैरासाठी स्वतःच्या देहाला क्लेश देत होता. शेजारी कुराण आणि उपनिषद. त्या खोलीत क्रूस म्हणजे काय, हे त्यांना वेगळं समजावून सांगायची गरज कुणाला पडली नसेल.

शेवटची वर्षं

१९३२ मध्ये अँड्र्यूज यांनी आपल्या श्रद्धेची कहाणी पुस्तकरूपाने लिहिली. ख्रिस्ताचं आपल्यावरचं ऋण, हा तिचा विषय. मात्र त्या ऋणाच्या हिशेबात टागोर, गांधी, रुद्र, मुन्शीराम यांची नावं पानोपानी येतात. दोन वर्षांनी त्यांनी साधू सुंदरसिंग यांच्यावर लिहिलं. शीख घरातून आलेले, भगवी वस्त्रं घालून अनवाणी फिरत येशूबद्दल सांगणारे आणि १९२९ मध्ये तिबेटच्या वाटेवर कायमचे नाहीसे झालेले सुंदरसिंग त्यांना सिमल्याच्या डोंगराळ भागात तरुणपणीच भेटले होते.

आणि आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत अँड्र्यूज यांनी पाद्री म्हणून पुन्हा काम सुरू केलं. वीसेक वर्षांपूर्वी जे शब्द घशात अडकले होते, त्यांचं काय झालं? ते शब्द त्यांना पटू लागले, असं दिसत नाही. दरम्यान चर्चच बदलत होतं आणि तेही निवळले होते. वेदीपाशी उभं राहायला आता कोणाला नरकात धाडण्याची अट उरली नव्हती.

१९४० च्या सुरुवातीला ते कोलकात्यात आजारी पडले. फेब्रुवारीत शांतिनिकेतनच्या भेटीनंतर गांधी त्यांना बघायला हॉस्पिटलात आले. दुसरे येणारे होते बिशप फॉस वेस्टकॉट, भारतातल्या अँग्लिकन चर्चचे प्रमुख. आडनाव ओळखीचं वाटेल. ज्या बेसिलच्या मृत्यूमुळे अँड्र्यूज भारतात आले, त्याचेच हे भाऊ. ५ एप्रिल १९४० ला अँड्र्यूज गेले. ख्रिस्ती विधीने कोलकात्याच्या लोअर सर्क्युलर रोडवरच्या दफनभूमीत त्यांना पुरलं. तिकडे शांतिनिकेतनच्या मंदिरात त्याच दिवशी टागोरांनी त्यांच्यासाठी प्रार्थनासभा घेतली.

त्यांच्या स्मारकासाठी पाच लाख रुपये उभे करायचे ठरले. पैसे शांतिनिकेतनसाठी हवे होते आणि दोन वर्षं झाली तरी रक्कम जमत नव्हती. शेवटी मे १९४२ मध्ये गांधी स्वतः मुंबईत येऊन बसले आणि आठवडाभरात त्यांनी निधी पूर्ण केला. त्यानंतर तीन महिन्यांनी त्याच मुंबईत, गवालिया टँकवर, त्यांनी इंग्रजांना देश सोडून जायला सांगितलं.